गागाऊझांच्या दारी तीन पाहुणे

मोल्दोव्हात सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या संसदीय निवडणुकीत राष्ट्राध्यक्षा माइया सांडू यांच्या युरोपवादी पक्षाने निम्म्याहून अधिक मते मिळवून सत्ता राखली आणि युरोपीय राजधान्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मात्र, देशाच्या दक्षिणेकडील गागाऊझिया या स्वायत्त प्रदेशाने याही वेळी नेमका उलटा कौल दिला. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघातील प्रवेशाविषयी सार्वमत झाले, तेव्हा देशभरात होकाराचे पारडे अगदी निसटते जड ठरले होते. गागाऊझियात मात्र सुमारे ९५ टक्के मतदारांनी नकार नोंदविला होता. या कौलामागे मॉस्कोचा पैसा आहे, हे किशिनाऊ येथील सरकारचे स्पष्टीकरण खोटे नाही; पण ते अपुरे आहे.

गागाऊझ हा समाज भाषेने तुर्की कुळातला, धर्माने ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि रोजच्या व्यवहारात रशियन बोलणारा आहे. २०१४ च्या जनगणनेत प्रदेशाची लोकसंख्या जेमतेम १ लाख ३४ हजार होती आणि स्थलांतरामुळे ती पुढे आणखी घटली. एवढ्याशा समाजाला आपल्याकडे ओढू पाहणाऱ्या शक्ती मात्र तीन आहेत : रशिया, तुर्कस्तान आणि रुमानियाच्या मार्गाने येणारा युरोप.

यातील तुर्कस्तानची गुंतवणूक सर्वांत जुनी आणि सर्वांत संयमी. रुमानियातील तुर्की राजदूत हमदुल्ला सुफी यांनी १९३० च्या दशकातच गागाऊझांविषयी आस्था दाखविली होती. सोव्हिएत संघ विस्कटत असताना, १९९० मध्ये, गागाऊझांनी स्वतंत्र प्रजासत्ताक घोषित केले. नीस्टर नदीपलीकडच्या ट्रान्सनिस्ट्रियात अशाच वादातून १९९२ मध्ये युद्ध पेटले. गागाऊझियात तसे घडले नाही. डिसेंबर १९९४ च्या कायद्याने तिला स्वायत्तता मिळाली. या तडजोडीसाठी तुर्कस्तानचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष सुलेमान देमिरेल यांनी गागाऊझांचे मन वळविले होते. पुढे तुर्की विकास संस्थेच्या मदतीने सुविधा उभ्या राहिल्या, प्रादेशिक राजधानी कोम्रात येथे अतातुर्क यांच्या नावाचे ग्रंथालय झाले, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. इस्तंबूलमध्ये घरकामासाठी जाणाऱ्या गागाऊझ स्त्रियांना भाषेची फारशी अडचणही येत नाही. २०१८ मध्ये खुद्द एर्दोगन कोम्रातला येऊन गेले.

तरीही मतपेटीत अंकारा कुठेच दिसत नाही. त्याचे एक कारण असे, की अंकारा मते मागतच नाही. दुसरे अधिक खोल आहे. गागाऊझ मूल शाळेत शिकते ते रशियन माध्यमातून, मातृभाषा तिथे एक विषय म्हणून उरते. घरातील दूरचित्रवाणी वर्षानुवर्षे रशियन बोलत आली. चर्चही मॉस्कोच्या धर्मपीठाशी बांधलेले. रशियाला येथे प्रभाव निर्माण करावा लागला नाही, सोव्हिएत काळापासून तो घरातच मुक्कामाला आहे. २०२२ मध्ये मोल्दोव्हाने रशियन वृत्तप्रसारणावर निर्बंध आणले. युक्रेनमधील युद्धाच्या पार्श्वभूमीवर ते समजण्याजोगे होते. परंतु बंद झालेल्या वाहिनीच्या जागी त्या प्रेक्षकाला समजेल असे काय द्यायचे, याचा विचार पुरेसा झाला नाही.

मार्च २०२३ मध्ये राज्यभाषेचे नाव कायद्यात ‘मोल्दोव्हन’ऐवजी ‘रुमानियन’ असे करण्यात आले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. परंतु रुमानियात विलीन होण्याची भीती बाळगणाऱ्या अल्पसंख्याकाला त्यातून वेगळाच संदेश जातो. १९९४ च्या कायद्यात मोल्दोव्हाचे सार्वभौमत्व बदलल्यास गागाऊझांना स्वयंनिर्णयाचा हक्क देणारे कलम आले, ते याच भीतीपोटी.

ही भीती मॉस्कोने नेमकी हेरली. परागंदा उद्योगपती इलान शोर यांच्या पाठबळावर एव्हगेनिया गुत्सुल २०२३ मध्ये ‘बश्कान’, म्हणजे प्रदेशप्रमुख, झाल्या. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पुतिन यांची भेट घेतली आणि त्यानंतर निवृत्तिवेतनधारकांना रशियन बँकेमार्फत मासिक रक्कम देण्याची घोषणा झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये बेकायदा पक्षनिधीच्या प्रकरणात न्यायालयाने गुत्सुल यांना सात वर्षांची शिक्षा ठोठावली. पैसे वाटून मते वळविण्याच्या या व्यवहाराला सौम्य प्रभाव म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टाच होय.

या तिन्ही पाहुण्यांच्या गर्दीत यजमानाची भाषाच अंग चोरून बसली आहे. गागाऊझ भाषेला १९५७ मध्ये सिरिलिक लिपी मिळाली आणि १९९० च्या दशकात ती बदलून लॅटिन आली. युनेस्कोने तिची गणना धोक्यातील भाषांमध्ये केली आहे. कायद्याने गागाऊझियात गागाऊझ, रुमानियन आणि रशियन या तिन्ही भाषा अधिकृत असल्या, तरी सरकारी कामकाज चालते ते प्रामुख्याने रशियनमध्येच.