सेम टू सेम

मराठीतले सर्वांत धोकादायक तीन शब्द कोणते, असं मला कुणी विचारलं, तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन : 'सेम टू सेम'. ते तिन्ही इंग्रजी आहेत, ही गोष्ट अलाहिदा.

आमचं गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. गावात त्वरितादेवीचं ठाणं आहे. त्वरिता म्हणजे तत्काळ धावून येणारी. अशा या गावात त्वरेशी काडीचाही संबंध न ठेवता माझी चेतक स्कूटर गेली पस्तीस वर्षं सुखानं नांदते आहे. बजाजनं 1972 साली ही स्कूटर काढली, तेव्हा तिला राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव दिलं. पेट्रोलवरची चेतक पुढं बंद झाली. आता त्याच नावाची विजेची निघते, पण तिला गिअर नाहीत. माझीला चार आहेत आणि चारही डाव्या मुठीत. आमच्या घरात माझ्या मुठीत असलेली तेवढी एकच गोष्ट!

तर या चेतकनं एके दिवशी 'घूंऽऽ' असा सूर लावला. मिस्तरींनी इंजिन उघडलं आणि म्हणाले, "सर, बेरिंग गेलंय."

"कुठं?" मी मास्तरी सवयीनं विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. पण पुढं जे सांगितलं, त्यानं माझा विनोद जिरला. चेतकच्या मागच्या चाकाला साखळी नसते. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच चाक बसतं. म्हणजे बेरिंग जाम झालं की चाक जाम! आणि माझ्या पुढ्यात, हँडलला धरून, रोज नात उभी असते.

मी जुनं बेरिंग रुमालात बांधून निघालो. पहिल्या दुकानदारानं ते तळहातावर तोललं आणि नवं पुढं केलं. "घ्या काका, सेम टू सेम." मिस्तरी म्हणाले, "आतून बसतंय, पण बाहेरून मोठं हाय." परत गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मग केसिंग लेथवर घासून घ्या की!" जावई जाड निघाला म्हणून सासऱ्यानं घराची चौकट तोडावी, त्यातला हा प्रकार!

दुसऱ्यानं दिलेलं मापात बसलं. "सेम टू सेम, उलट ह्याला रबरी सील बी हाय," असं तो कौतुकानं म्हणाला. मिस्तरींनी कपाळावर हात मारला. गिअरबॉक्समधल्या बेरिंगला पेटीतलंच ऑइल मिळतं, म्हणून ते सहसा उघडं असतं. सील लावायचं म्हणजे नळाखाली झाकण लावून घागर ठेवायची!

शेवटी बीडला एका म्हाताऱ्या दुकानदारानं बेरिंग रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, भिंग लावलं, व्हर्निअरनं आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजली. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "सर, याच्या अंगावर नाव लिहिलेलं असतंय. पण वाचतो कोण?"

तीस वर्षं पोरांना 'वाचा रे' म्हणून ओरडणारा मी, खाली मान घालून उभा राहिलो.

वाचकहो, ते वाचन फार सोपं आहे. समजा, आकडा आहे 6204. शेवटच्या दोन आकड्यांना पाचानं गुणा : चार पंचे वीस. आतलं भोक 20 मिलिमीटर. (हा पाढा 04 पासून पुढं चालतो, 03 म्हणजे पंधरा नव्हे, सतरा.) 6204 बाहेरून 47 मिलिमीटर, आणि 6304? भोक तेच वीस, पण बाहेरून 52! माझ्या पहिल्या दुकानदाराचं 'सेम' नेमकं इथंच, 62 आणि 63 च्या मध्ये, फसलं होतं. पुढं सी-3 असेल तर आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक, कारण तापलं की लोखंड फुगतं. जिथं सी-3 हवं तिथं साधं बसवलं, तर ते तापून जाम व्हायची भीती. 'चालतंय की' म्हणणारा मागच्या सीटवर बसलेला नसतो.

ही मापं जगभर एकच आहेत. एसकेएफ कंपनी 1907 साली स्वीडनमध्ये निघाली. तिचा कारखाना आपल्या चिंचवडलाही आहे. 6204 स्वीडनचं असो, चिंचवडचं असो की जयपूरचं, मापानं तेच. मग 'जुन्या गाडीचं बेरिंग मिळत नाही, गाडी भंगारात घाला' हा उपदेश कशासाठी? काही बेरिंगं खास एखाद्या गाडीपुरती असतात, हे मला मान्य आहे. पण म्हणूनच माझी मागणी आहे : गाडी विकणाऱ्यानं स्वतःच्या पार्ट नंबरशेजारी बेरिंगचा खरा आकडा आणि मापं छापावीत. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला केंद्र सरकारनं जुलै 2022 मध्ये समिती नेमली. तिच्या यादीत मोटारगाड्याही होत्या. हक्क मिळेल तेव्हा मिळो. तोवर दुकानदारांनी तीनच गोष्टी कराव्यात : पुसावं, वाचावं, मोजावं. आणि गिऱ्हाइकानं ते केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. काही शेकड्यांच्या वस्तूसाठी लाखाची नवी गाडी घ्यायला सांगणारा हिशेब आमच्या शाळेत तरी नापास झाला असता.

नवं बेरिंग बसलं. 'घूंऽऽ' थांबलं. नात पुढं उभी राहिली आणि आम्ही देवीला जाऊन आलो. देवळाबाहेर एक ओळखीचे गृहस्थ नातीकडं पाहून कौतुकानं म्हणाले, "सर, अगदी तुमच्यासारखी हो! सेम टू सेम!"

मी तिला घट्ट धरलं आणि गाडीला किक मारली.