मैत्रीचा हिशेब काष्टीच्या बाजारात

भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले ते 29 जानेवारी 1992 रोजी. दरवर्षी या दिवसाच्या सुमारास दोन्ही राजधान्यांतून शुभेच्छांची देवाणघेवाण होते, हस्तांदोलनाची जुनी छायाचित्रे नव्याने प्रसिद्ध होतात. ते यथोचितच आहे. तथापि महाराष्ट्रातील माणसाने ही मैत्री 1992 पासून मोजण्याचे काही कारण नाही.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत स्मृती आहे. कोकणात या मंडळींनी तेलाचे घाणे चालविले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. त्यांचा तो शनिवार गावाने कधी हिरावून घेतला नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पेणकर, राजपूरकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले. 1874 मध्ये पुण्यात वल्हांडण सणाचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापला गेला. बायबलमधील चरित्रांवर या समाजाने मराठीत कीर्तने रचली. नारदाच्या गादीवरून मोशेची कथा सांगणारा समाज जगाच्या पाठीवर दुसरा नसावा! ई. मोझेस मार्गावरून रोज जाणाऱ्या किती मुंबईकरांना ठाऊक असेल, की डॉ. मोझेस हे 1937 साली या नगरीचे महापौर झाले होते?

इस्रायलची स्थापना झाल्यावर यांतील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. येथे छळ झाला म्हणून ती गेली नाहीत, हे जगातील फार थोड्या देशांविषयी म्हणता येईल. उलट, आपण खरे ज्यू आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांना तिकडच्याच धर्मपीठाशी झगडावे लागले. 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला, तेव्हा तो वाद शमला. तेथे गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

समाजाच्या पातळीवर असे सख्य असता दिल्लीने मात्र 42 वर्षे दार किलकिलेच ठेवले. 29 नोव्हेंबर 1947 रोजी पॅलेस्टाइनच्या विभाजनाविरुद्ध भारताने मत दिले. त्यानंतरच्याच महिन्यात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पत्रक काढून ज्यू राष्ट्राच्या निर्मितीचे स्वागत केले. 17 सप्टेंबर 1950 रोजी भारताने इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत वकिलातही निघाली, परंतु दिल्लीत राजदूत नको! 1977 मध्ये परराष्ट्रमंत्री मोशे दायान यांना भारतात यावे लागले ते गुप्तपणे. वस्तुतः 1962, 1971 आणि 1999 या तिन्ही युद्धप्रसंगी याच देशाकडून आपल्याला शस्त्रसामग्रीचे साहाय्य झाले होते. हा संकोच अखेर संपविला तो पी. व्ही. नरसिंह राव यांनी. ते काँग्रेसचे होते म्हणून त्यांचे श्रेय कमी लेखू नये. (हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगूत नेणारा हा पंतप्रधान आपल्या भाषेचाही मित्र होता.)

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात नरिमन हाउसमध्ये होल्ट्झबर्ग दांपत्य मारले गेले आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला सँड्रा सॅम्युएल या भारतीय दाईने कवटाळून बाहेर आणले. या एका कृतीने दोन राष्ट्रांना जेवढे जवळ आणले, तेवढे दहा संयुक्त निवेदनांनीही आणले नसते. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे 1,200 माणसे मारली, तेव्हा भारत निःसंदिग्धपणे त्या देशाच्या पाठीशी उभा राहिला. पुढे गाझात हजारो सामान्य नागरिकांचा बळी जाऊ लागल्यावर डिसेंबर 2023 मध्ये भारताने युद्धविरामाच्या ठरावाला मतही दिले. मैत्रीत असे स्वतंत्र मत देता येते.

आता या मैत्रीचे पुढले पाऊल कोठे पडावे? माझ्या मते ते अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी येथे पडावे.

दौंड-मनमाड लोहमार्गावरील काष्टी जनावरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. बाजार शनिवारचा, हा एक गमतीचा योगायोग! तेथे दुभती संकरित गाय विकत घेणारा शेतकरी तिची कास पाहतो, सड पाहतो, दात मोजतो, कितवे वेत ते विचारतो. आणि दुधाचा आकडा? तो हेडी सांगेल तो. त्या एका शब्दावर कर्ज काढून खरेदी होते. गाय घरी गेल्यावर तिने सांगितल्याच्या निम्मे दूध दिले, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी? इस्रायलमध्ये गाईची वंशावळ, प्रत्येक वेताचे दूध, त्यातील स्निग्धांश, तिचे आजार यांची नोंद राष्ट्रीय पातळीवर ठेवली जाते. तेथील गाईचे सरासरी वार्षिक दूध 11 हजार लिटरच्या पुढे आहे. आपल्या देशातील संकरित गाय सरासरी दिवसाला 8 लिटरच्या घरात रेंगाळते. हा फरक केवळ जातीचा नाही. होल्स्टिनचे रक्त आपल्याकडेही आले; मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे ‘बाएफ’ स्थापून ते काम सुरू केले. आले नाही ते नोंदवहीचे वळण.

दराचेही तेच. इस्रायलमध्ये उत्पादनखर्चावर आधारलेला दुधाचा दर ठरविण्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. आपल्याकडे दर कोसळल्यामुळे 2024 मध्ये शासनाला लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान द्यावे लागले. गाईमागे खर्च किती, याची विश्वसनीय नोंदच नसेल तर शेतकरी रस्त्यावर दूध ओतण्यापलीकडे काय करणार?

पाण्याविषयी तर बोलायलाच नको. बीरशेबाला वर्षाकाठी जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो. श्रीगोंद्याला त्याच्या दुप्पट तरी पडतो, शिवाय घोड आणि कुकडीचे कालवे. तरी उसाला पाणी मोकाटच. 2017 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे केले. तो निर्णय बव्हंशी कागदावरच राहिला.

2006 च्या कृषी कराराखाली देशभर भारत-इस्रायल केंद्रे निघाली. आपल्या राज्यातील केंद्रे डाळिंब, आंबा, संत्रा यांची आहेत. त्यांपैकी डाळिंबाचे केंद्र काष्टीच्याच जिल्ह्यात, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आहे. त्याच विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार केली. म्हणजे शास्त्रज्ञ येथे आहेत, मित्रराष्ट्राचा अनुभव दाराशी आहे आणि जनावरेही आहेत. 2024 पासून कानात बिल्ला असल्याखेरीज जनावराची खरेदी-विक्री करू नये, असा राज्याचा नियमही आहे. त्या बिल्ल्यावर 12 आकडे असतात. त्या क्रमांकाबरोबर गाईच्या मागील वेताचे दूध बाजारातच वाचता यावे, एवढे एक काम दोन्ही सरकारांच्या पुढील कृषी आराखड्यात घालावे आणि त्याचा पहिला प्रयोग काष्टीच्या बाजार आवारात व्हावा. त्यासाठी लागणारा पैसा एखाद्या क्षेपणास्त्राच्या किमतीपुढे नगण्य ठरेल. आपले लोकप्रतिनिधी इस्रायलच्या अभ्यासदौऱ्यावर जातात. पुढच्या वेळी त्यांनी काष्टीचे दोन गोपालक आणि एक हेडीही सोबत न्यावा.