एकाच सर्व्हरच्या भरवशावर आमचे हक्क नकोत!

जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती, सातबारा, घरकुलाची यादी. आज आपल्या समाजाचा क्वचितच एखादा हक्क असा उरला असेल, ज्याचा पुरावा कुठल्या ना कुठल्या सरकारी सर्व्हरवर नाही. पूर्वी कागद गहाळ झाला तर निदान दप्तर कोणाच्या ताब्यात होते ते ठाऊक असे. त्याला जाब विचारता येई. आता खिडकीपलीकडचा कारकून ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ म्हणतो आणि आपला माणूस एका दिवसाची मजुरी बुडवून घरी परततो. उद्या सर्व्हर सुरू होतो म्हणून ही गोष्ट तिथेच संपते. पण सर्व्हर सुरूच झाला नाही तर? त्यातल्या माहितीची दुसरी प्रत कुठे आहे? त्या प्रतीतून माहिती खरोखर परत उभी राहते की नाही, हे कोणी कधी तपासून पाहिले आहे काय? हा तांत्रिक नव्हे, हक्काचा प्रश्न आहे असे आम्ही मानतो.

कारण नोंद नष्ट झाल्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खरेदीखते, वंशावळी आणि सनदा जपल्या गेल्या, त्यांचा एक कागद गेला तर चार कागद उरतात. आपल्याकडे काय आहे? जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, त्यांच्या शाळेचा दाखला नातवाने आणायचा! कुठल्याशा जिल्हा परिषदेच्या शाळेतील जुन्या रजिस्टरमधली एक ओळ, एवढीच अनेक कुटुंबांची इस्टेट. ती ओळ गेली की नातवाचा प्रवेश गेला, नोकरी गेली.

एका प्रतीवर विसंबण्याची किंमत आंबेडकरी चळवळीइतकी कोणी मोजली असेल? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते कित्येक वर्षे पेट्यांत बंद होती. वसंत मून यांच्यासारख्या संपादकांनी कष्ट उपसले म्हणून १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले. तरीही काही लिखाण अपुरेच हाती आले. कम्युनिझमच्या पूर्वअटींवर बाबासाहेब जो ग्रंथ लिहीत होते, त्याचा आराखडा आणि मोजकी प्रकरणेच मिळाली. आणि २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथल्या बुद्धभूषण प्रेसची वास्तू पाडली गेली, तो दिवस तर वाचकांच्या डोळ्यांसमोर आहे. एकाच छताखाली सर्व ठेवले की एका पहाटेत सर्व जाते.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा बळी गेला, फायलींचे ढीग जळाले. त्यानंतर ‘आता सर्व फायली संगणकावर’ असा घोष सुरू झाला. संगणकीकरणाला आमचा विरोध नाही, उलट बहुजनांना माहिती खुली होणार असेल तर ते हवेच. पण संगणकही जळतो! २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली जिथे साठवल्या जात, त्या जी-ड्राइव्हमधली ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा आहे, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली गेली नव्हती! तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही कथा. फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी एका मोठ्या कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा काही ग्राहकांना कळले की आपला बॅकअपही त्याच जागी ठेवला होता. घर जळाले आणि घराची दुसरी किल्लीही घरातच होती, असा हा प्रकार.

‘आमच्याकडे रोज स्नॅपशॉट घेतला जातो’ असे उत्तर अधिकारी देतात. स्नॅपशॉट म्हणजे काय, हे आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतले पाहिजे. स्नॅपशॉट म्हणजे एका क्षणी माहिती जशी होती तशी गोठवून ठेवलेली खूण. पुढे जे बदलते त्याची जुनी अवस्था तेवढी जपली जाते, म्हणून तो क्षणात घेता येतो आणि जागाही थोडी लागते. कोणी चुकून यादी पुसली तर तासाभरापूर्वीची यादी परत आणायला त्याचा फार उपयोग. पण बहुधा तो त्याच डिस्कवर, त्याच यंत्रात असतो. डिस्क गेली की स्नॅपशॉटही गेला. म्हणून स्नॅपशॉट हवा, पण त्याला बॅकअप समजणे ही फसवणूक आहे.

दुसरे उत्तर मिळते, ‘आमचे दोन सर्व्हर आहेत, एकावर लिहिले की दुसऱ्यावर आपोआप उमटते.’ उत्तम. पण मग एकावर पुसले की दुसऱ्यावरही आपोआप पुसले जाते, त्याचे काय? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच माहिती पुसली. बॅकअपचे पाच मार्ग कागदावर होते, वेळेला एकही धड कामी आला नाही. नेहमीचा बॅकअप मुळात होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचा इशारा देणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी कोणीतरी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट दुसऱ्या सर्व्हरवर होता, म्हणून कंपनी वाचली. बॅकअप ‘आहे’ असे समजणे आणि तो परत उभा करून पाहणे, यांत एवढे अंतर असते.

जिथे एकमेकांना जोडलेले अनेक सर्व्हर असतात, तिथे आणखी एक गोम आहे. विद्यार्थ्याचा अर्ज एका सर्व्हरवर, त्याचा स्कॅन केलेला दाखला दुसऱ्यावर, पैसे जमा झाल्याची नोंद तिसऱ्यावर. पहिल्याचा बॅकअप रात्री बाराचा, दुसऱ्याचा पहाटे चारचा, तिसऱ्याचा गेल्या रविवारचा असेल, तर संकटानंतर तिन्ही परत उभे राहिले तरी त्यांचा मेळ बसत नाही. अर्ज सांगतो, पैसे दिले. पैशांचा सर्व्हर सांगतो, असा विद्यार्थीच नाही. मग ‘त्रुटी’चा शेरा कोणाच्या माथी? विद्यार्थ्याच्याच! म्हणून सर्व सर्व्हरची प्रत एकाच वेळेच्या खुणेवर घेतली गेली पाहिजे.

शिवाय चोरट्यांचा धोका आहेच. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. जवळजवळ दोन आठवडे गोरगरीब रुग्णांच्या नोंदी हाताने कराव्या लागल्या. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे, असे सरकारनेच संसदेत सांगितले. यातला धडा सरळ आहे. मुख्य सर्व्हरवरून बॅकअप पुसता येईल अशी सोयच नसावी. बॅकअपच्या सर्व्हरने स्वतः येऊन माहिती उचलावी, त्याचा पासवर्ड वेगळा असावा, आणि एक प्रत तरी जाळ्यापासून पूर्ण तोडून ठेवलेली असावी. हल्लेखोर कित्येक दिवस दडून बसतात, म्हणून कालचीच नव्हे तर मागच्या आठवड्याची आणि मागच्या महिन्याचीही प्रत हवी.

मग आपण करायचे काय? माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. दहा रुपयांच्या अर्जावर समाजकल्याण, महसूल आणि शिक्षण खात्यांना चार प्रश्न विचारा. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा? त्याची प्रत दुसऱ्या शहरात आहे काय? बॅकअपमधून माहिती परत उभी करण्याची चाचणी शेवटची कधी झाली? माहिती गेल्यास जबाबदार अधिकारी कोणत्या पदाचा? सर्व्हरचा पत्ता किंवा पासवर्ड मागू नका, म्हणजे सुरक्षेच्या नावाखाली अर्ज फेटाळायला निमित्त उरणार नाही. आणि स्कॅन झाले म्हणून शाळांची, तहसिलांची जुनी रजिस्टरे रद्दीत घालायला कडाडून विरोध करा. मूळ कागद हीसुद्धा एक प्रतच आहे. सरकारच्या चुकीने नोंद गेली तर पुरावा देण्याचा भार नागरिकावर टाकता कामा नये, असा शासन निर्णय निघाला पाहिजे, ही आमची मागणी आहे.

पण केवळ सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही. आपल्या बुद्ध विहारांची, वसतिगृहांची, ग्रंथालयांची, नियतकालिकांची माहिती कुठे आहे? जुने अंक, मोर्चांची छायाचित्रे, जलशांच्या ध्वनिफिती एखाद्या कार्यकर्त्याच्या एकाच कॉम्प्युटरवर असतील, तर त्या नसल्यासारख्याच समजा. जगभर मान्य असलेला नियम साधा आहे. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर ठेवा, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवा. नागपूरच्या संस्थेने औरंगाबादच्या संस्थेची हार्ड डिस्क सांभाळावी, औरंगाबादने नागपूरची. दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला ती उघडून, फायली वाचता येतात की नाही ते पाहावे. यासाठी कोणाचे अनुदान लागत नाही. आपल्यातली शेकडो मुले-मुली आज आयटीत नोकरी करतात. महिन्यातला एक रविवार त्यांनी या कामाला दिला तरी पुरे.

ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ओळखण्याचीच बंदी होती, त्यांची अक्षरे आज कोट्यवधी नोंदींत उमटली आहेत. ती टिकवण्याची जबाबदारी आपण दुसऱ्या कोणावर सोपवून मोकळे होऊ शकत नाही. येत्या सोमवारी पहिला अर्ज टाका. जयभीम!