फुकटाचें शहाणपण

आमच्या सुशिक्षित वर्गांत अलीकडे एक नवी हुशारी मिरविली जात आहे. पहिल्या फेरीची सूट एका टॅक्सी-कंपनीकडून घ्यावी, ती संपतांच दुसरीकडे वळावें, जेवण कुपनावर मागवावें, किराणा कॅशबॅकवर भरावा, आणि घरांतील प्रत्येकाच्या फोनवर नवें खातें उघडून हा क्रम पुन्हां आरंभावा! वर समर्थन असें कीं, या स्टार्टअप कंपन्यांतील पैसा धनिक गुंतवणूकदारांचा आहे. ते तो उधळीत असतां चार मुठी उचलल्या तर बिघडलें कोठें? या हुशारीला काटकसर हें जुनें आणि प्रतिष्ठित नांव देण्यांत येतें, म्हणून तिचा समाचार घेणें आम्हांस भाग आहे.

प्रथम प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ पुरावा घेऊं. अमेरिकेंत मूव्हीपास नांवाच्या कंपनीनें ऑगस्ट २०१७ मध्यें महिना ९.९५ डॉलरांत रोज एक चित्रपट पाहूं देण्याची योजना काढली. चित्रगृहांस ती बहुधा तिकिटाचे पूर्ण पैसे मोजी. त्यामुळें प्रेक्षक जितके अधिक जात, तितकी ती अधिक बुडे. सप्टेंबर २०१९ मध्यें तिचा कारभार बंद पडला. येथें प्रेक्षकाला चित्रपट मिळाला, चित्रगृहाला दाम मिळाला, आणि खोट भांडवलवाल्याला आली. अशा व्यवहारावर आमचा आक्षेप नाहीं.

परंतु हाच न्याय मुंबईच्या टॅक्सीला लागूं पडत नाहीं. ओला व उबर यांनीं आरंभीं उतारूला सूट आणि चालकाला बक्षिसी अशी दुहेरी खैरात केली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचें भाडें सरकार ठरवितें. तिच्या चालकामागें तोटा सोसणारा कोणी धनको उभा नव्हता. इकडे मोठ्या मिळकतीच्या आशेनें अनेकांनीं कर्ज काढून नव्या गाड्या घेतल्या. पुढें बक्षिसी आटली, कर्जाचा हप्ता मात्र आटला नाहीं; आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें या कंपन्यांच्या चालकांनीं मुंबईंत भाडेवाढीसाठीं संप पुकारला. म्हणजे जी स्वस्ताई आरंभीं भांडवलवाल्याच्या थैलींतून येत होती, ती आतां चालकाच्या मजुरींतून येऊं लागली होती. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावें, तसाच हा प्रकार. आणि प्रसाद खाणारे आम्ही सुशिक्षित!

कंपन्यांची आपसांत चुरस आहे तोंवर चिंता नको, असें कोणी म्हणेल. त्यानें ध्यानांत घ्यावें कीं, जपानच्या सॉफ्टबँकेनें २०१४ मध्यें ओलांत पैसा घातला आणि २०१८ मध्यें ती उबरचीहि मोठी भागीदार झाली. दोन्ही मल्लांचा खुराक एकाच कोठारांतून येऊं लागला, तर कुस्ती किती दिवस चालावी? गुंतवणूकदार म्हणजे कांहीं अन्नछत्र घालणारा धर्मात्मा नव्हे. तो आज आपली संवय विकत घेतो, ती उद्यां चढ्या भावानें आपल्यालाच विकण्यासाठीं.

म्हणून सूट घेणाऱ्यानें एवढें तरी पाहावें कीं, आज ती कोणाच्या खिशांतून येत आहे. धनिकाच्या येत असेल तर खुशाल घ्यावी. गाडी हांकणाऱ्याच्या येत असेल तर तिला काटकसर म्हणूं नये. ज्याला खरोखर काटकसर करावयाची आहे, त्याला मुंबईंत बस आणि लोकल आहेत. टॅक्सींत बसावयाचें, तर टॅक्सीचें भाडें द्यावें.