पोरगा लग्नाला नाही म्हणतो तेव्हा



धानाची चुरणी आटोपली, पोती घरात आली, की आपल्या आरमोरीच्या भागात दोन गोष्टींना ऊत येतो. एक नाटके आणि दुसरी सोयरीक. आज खोडकिडीची गोष्ट बाजूला ठेवून सोयरिकीविषयी थोडे बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावी धान पाहायला गेलो होतो. चहा झाल्यावर घरधनी हळूच म्हणाला, "साहेब, पोरगा लग्नाले नाही म्हनते. तुमी समजावून पाहाना." पोरगा सत्तावीस वर्षांचा, कामाला वाघ. धुऱ्यावर उभे राहून मी त्याला चार शब्द ऐकवले. आईबाप थकले, हट्ट सोड, म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत राहिला. त्याचे काय म्हणणे आहे, ते मी विचारलेच नाही. ती चूक माझी.

पंधरा दिवसांनी त्याने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी वेळेत दवाखाना गाठला म्हणून वाचला. शुद्धीवर आल्यावर आईला म्हणाला, की मला बाईची ओढ नाही, पुरुषाची आहे. कुणाच्या लेकीचा जन्म कशाला वाया घालवू? बाप रात्रभर दवाखान्याच्या ओट्यावर बसून होता. सकाळी एवढेच बोलला, "जसा हाये तसा घरी येऊ द्या."

अशी सकाळ सर्वांच्या वाट्याला येत नाही. डॉ. रामचंद्र सिरस हे नागपूरला शिकलेले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि कवी. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जणांनी त्यांच्या घरात घुसून, ते एका पुरुषासोबत असताना चित्रण केले. विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते. ते न्यायालयात गेले आणि १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. पण ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. न्याय मिळाला, पण तो भोगायला माणूस राहिला नाही. पुढे 'अलीगढ' नावाचा चित्रपट त्यांच्यावरच निघाला.

आता कामाचे सांगतो. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजीच याला आजारांच्या यादीतून वगळले. हा गुन्हाही नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने तसा निकाल दिला. पोराला 'सुधारून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरचे ते वर्तन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. मग मांत्रिकाच्या दारी पैसा कशाला घालवायचा?

'लग्न झाले की सुधारेल' हा सल्ला तर कुणीच देऊ नये. त्याने दोन घरे मोडतात आणि सर्वांत जास्त भोगते ती परक्या घरची लेक. पोरगा नाही म्हणत असेल तर आधी कारण विचारा. प्रत्येकाचे कारण हेच असेल असे नाही. पण जे सांगेल ते मधेच न तोडता ऐका. त्या दिवशी उत्तर सुचले नाही तरी चालेल, फक्त पानावरून उठवू नका.

आणखी एक. फवारणीची औषधे पेटीत कुलूप लावून ठेवा, किल्ली स्वतःजवळ असू द्या. घरात कुणी गप्प गप्प राहत असेल, जगण्याला कंटाळल्यासारखे बोलत असेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते.

त्या घरी मी आजही जातो. रोवणीला बापलेक एकाच बांधीत असतात. गावात कुजबुज होते. आई म्हणते, "बोलणाऱ्यायचे तोंड दोन दिवस चालते साहेब, माहा पोरगा मले जन्मभर पाह्यजे."

बियाणे आपण निवडून आणतो. लेकरू निवडून आणलेले नसते, ते आपल्या घरी आलेले असते.

पुढील अंकी उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांविषयी बोलू.