गुडघ्याचा फोटो उभ्याने काढा

आमची थोरली बहीण आक्का तासगाव तालुक्यात दिलेली. तीस वर्षे तिने रोजाने भांगलण केली, उसाच्या मोळ्या वाहिल्या. अलीकडे तिला एसटीची पायरी चढवेना. साताऱ्यास आमच्याकडे आली तेव्हा आम्ही तिच्या गुडघ्यांचा एक्स-रे काढून घेतला. टेबलावर झोपवून काढला. ‘विशेष दोष नाही’ असा अहवाल आला. लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. आम्हीच तिला म्हणालो, “आक्का, मनातून काढून टाक. फोटोत काही नाही.” ती गप्प राहिली आणि दुसऱ्या दिवशी सासरी निघून गेली.

पुढे तिच्या मुलाने तिला मिरजेला नेले. मिरज हे दवाखान्यांचे जुने गाव. डॉ. वानलेस यांचे रुग्णालय तेथे १८९४ साली सुरू झाले, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. तो रॉन्टजेन यांनी १८९५ साली लावला. मिरजेत आक्काला उभे करून दोन्ही गुडघ्यांची एकत्र फिल्म काढली. आतल्या बाजूला हाडाला हाड टेकलेले दिसले.

असे का व्हावे? हाडांच्या टोकांवरची कूर्चा साध्या एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट. झोपल्यावर गुडघ्यावर भार नसतो, म्हणून कूर्चा झिजली तरी फट बरी दिसू शकते. उभे राहिले की अंगाचा भार येतो आणि फट मिटते. रिकामी गाडी कुरकुरत नाही, ऊस भरला की कुरकुरते, तसेच हे. १९८८ साली डॉ. रोझेनबर्ग व सहकाऱ्यांनी तर गुडघे ४५ अंशांत वाकवून उभ्याने फोटो घेण्याची पद्धत मांडली. सरळ उभे राहून न दिसणारी झीजही तीत पुष्कळदा दिसते.

मात्र फोटोत झीज दिसली म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन कमी करणे, हातात काठी घेणे यांनी अनेकांना आराम पडतो. निर्णय तपासणी करूनच व्हावा.

आम्ही रजा काढून आक्काकडे गेलो, चूक कबूल केली. ती हसून म्हणाली, “आरं, झोपल्यावर माजाबी गुडघा दुखत न्हाई.”

वाचकहो, घरातल्या कष्टकरी आयाबहिणींच्या गुडघ्यांचा फोटो काढायचा झाला, तर “उभ्याने काढायचा का?” एवढे डॉक्टरांना जरूर विचारा. तोल जात असेल तर आधार द्या. आणि फोटो काहीही सांगो, त्यांच्या दुखण्याला खोटे म्हणू नका.