नव्या शिक्षकाची संध्याकाळ

नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत शिक्षकाला शाळेबाहेरचे आयुष्य उरते का, हा आपल्याकडे ज्याचा त्याचा खासगी प्रश्न मानला जातो. मला तो सार्वजनिक प्रश्न वाटतो. नव्या शिक्षकाची संध्याकाळ आणि रविवार मोकळा असण्याची गरज त्याच्याइतकीच शाळेलाही आहे, आणि ती भागवण्याची जबाबदारी त्याला नेमणाऱ्या सरकारची आहे. हा नवा शिक्षक कोण आहे, ते आधी पाहू. महाराष्ट्रात २०१२ मध्ये शिक्षकभरती थांबवली गेली. पुढे २०१७ ची शिक्षक अभियोग्यता चाचणी, शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आणि रखडलेल्या फेऱ्या यांत वर्षे गेली. डी.एड. होऊन बसलेली कितीतरी मुले-मुली तिशीच्या आसपास किंवा ती ओलांडून पहिल्यांदा वर्गात उभी राहिली. बीड-लातूरकडच्या उमेदवाराला पालघरचा पाडा किंवा सिंधुदुर्गातली वाडी मिळते. आईवडील गावी, जोडीदार तिसऱ्याच जिल्ह्यात, आणि आंतरजिल्हा बदलीची वाट पाहणे नशिबी. पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. जानेवारी २०२३ पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन महिन्याला ६,००० रुपये होते, आता ते १६,००० आहे. वाढ स्वागतार्हच आहे, पण या रकमेत खोलीभाडे, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे बसवायचे असतात. मानधनावरच्या माणसाला घरभाडे भत्ता नाही. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडूनही आहेच.

आता वेळेचा हिशेब करू. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलेला आहे आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही मोजलेले आहेत. सोमवार ते शुक्रवार दररोज साडेसहा तास आणि शनिवारची सकाळ धरली तर शाळेचे तास ढोबळमानाने ३६ होतात. म्हणजे तयारी, वह्या तपासणे, मागे पडलेल्या मुलाचा विचार करणे यांसाठी कायद्यानेच आठवड्याला आठ-नऊ तास राखून ठेवले आहेत. जुन्या शिक्षकाकडे मागच्या वर्षांची टाचणे असतात, कुठल्या गणिताला वर्ग अडतो हे त्याला ठाऊक असते. नव्याला दोनशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून सगळे पहिल्यांदा उभे करायचे असते. त्याला हे आठ-नऊ तासही पुरत नाहीत, आणि नेमके तेच त्याच्या हाती राहत नाहीत. शाळेच्या माहितीच्या यू-डायस नोंदी, आधार जुळवणी, पोषण आहाराची रोजची माहिती, उपक्रमांचे फोटो, लिंक भरणे ही कामे ‘तुम्हाला मोबाइलमधले कळते’ म्हणून सर्वांत तरुण माणसाकडे येतात. जवळपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज रात्रीपर्यंत माहिती भरावी’ असा निरोप आला की संध्याकाळ त्यात जाते. कायम झालेला शिक्षक एखादे वेळी नाही म्हणू शकतो. ज्याची सेवा समाधानकारक ठरवण्याचा अधिकार इतरांच्या हातात आहे, त्याला ते जमत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई केली. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीची कामे शिक्षकांकडून सुटीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्यावीत असा निकाल दिला होता. मुलांचा तास वाचवण्यासाठी तो योग्यच होता. पण त्यात शिक्षकाच्या रविवाराचे काय, याचे उत्तर नव्हते. मुलांचा वेळ आपण कायद्याने राखायला शिकलो आणि त्याची किंमत शिक्षकाच्या सुटीतून वळती केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांना अध्यापनाबाहेरच्या कामात गुंतवू नये असे म्हटले आहे, ग्रामीण भागात शाळेजवळ घरे द्यावीत असेही म्हटले आहे. वाडीवस्तीवर ती घरे अजून दिसत नाहीत.

मोकळी संध्याकाळ शाळेच्या कामाची कशी, हे ऊसतोडीच्या पट्ट्यात स्पष्ट दिसते. दसऱ्यानंतर टोळ्या निघू लागतात आणि वर्गातली मुले आईबापांबरोबर फडावर जातात. कोणते घर मुकादमाची उचल घेऊन बसले आहे, कुठल्या घरी आजी मागे राहणार आहे आणि तिच्याकडे मूल ठेवता येईल, ही माहिती हजेरीपटावर नसते. ती पारावर, व्हॉलीबॉलच्या मैदानावर, सप्त्याच्या पंगतीत कळते. ज्या शिक्षकाचे गावात चार मित्र आहेत त्याला ती आठ दिवस आधी कळते, आणि तेवढ्यात हंगामी वसतिगृहाचा किंवा नातेवाइकांकडे ठेवण्याचा मार्ग काढता येतो. गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात तर शिक्षकाला मुलांची भाषा शिकायची असते, आणि तीही त्याला गावातल्या गप्पांतूनच मिळणार. चाळीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावाहून येऊन-जाऊन करणारा, उरलेला वेळ मोबाइलवर माहिती भरण्यात घालवणारा शिक्षक या सगळ्याला मुकतो. ‘शिक्षक गावात मिसळत नाहीत’ ही गावकऱ्यांची तक्रार खरी आहे. मिसळायला लागणारा वेळ आणि घर आपण त्याला दिलेले नाही, हेही तितकेच खरे आहे. शिक्षिकांची अडचण याहून कठीण. एकट्या मुलीला गावात खोली मिळणे अवघड, तिचे संध्याकाळी बाहेर बसणे-बोलणे लोकांच्या नजरेत येते, आणि घरी परतणारी असेल तर स्वयंपाक, मुले, सासूसासरे तिची वाट पाहत असतात. तिच्यासाठी मैत्री म्हणजे बहुधा केंद्रातल्या दोन-तीन शिक्षिका, ज्या महिन्यातून एकदा शिक्षण परिषदेत भेटतात.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा की शिक्षकांना उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुटी असते, खासगी नोकरीतली मुले याहून जास्त राबतात. सुट्या आहेत, त्या नाकारण्याचे कारण नाही. पण मे महिन्याच्या विश्रांतीने ऑगस्टमधला थकवा जात नाही, आणि वर्गापुढे थकलेला माणूस उभा राहिला तर त्याचे नुकसान तीस मुलांना सोसावे लागते. खासगी नोकरीत लोक अधिक राबत असतील तर तेही बदलायला हवे. कामाच्या वेळेनंतर आलेल्या संपर्काला उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडले होते ते त्याचसाठी. दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे: शिक्षकी पेशा हे व्रत आहे, व्रतात वेळ मोजू नये. स्वतःहून रात्री जागून मुलांसाठी साहित्य बनवणाऱ्या शिक्षकांबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. ते त्यांनी स्वतः निवडलेले असते. वरून आलेल्या तक्त्यांसाठी जागण्याला व्रताचे नाव देणे हा त्या आदराचा गैरवापर आहे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी तासिकांत १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के सूट मिळते. आपल्या दोनशिक्षकी शाळेत तास कमी केले तर वर्ग कोण घेणार? खरे आहे, तिथे तास कमी होणार नाहीत. म्हणून आपल्याकडे सूट कागदी कामात द्यावी लागेल. पहिली दोन वर्षे नव्या शिक्षकाकडे मतदारयादीचे काम, आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन नोंदी नकोत. जवळपासच्या शाळांच्या केंद्राला एक माहिती भरणारा कर्मचारी नेमला तर हे काम दुसऱ्या शिक्षकाच्या माथी जाणार नाही. त्याला खर्च येईल. पण तीन वर्षांत उमेद गमावलेला शिक्षक पुढची पंचवीस-तीस वर्षे त्याच व्यवस्थेत राहतो, आणि तो खर्च याहून मोठा आहे.

मानधन वाढवताना सरकारने आपली जुनी चूक दुरुस्त केली. तशीच दुरुस्ती इथेही करावी. पवित्र पोर्टलवरून निघणाऱ्या पुढच्या नियुक्ती आदेशांत शिक्षकावरच्या अटींची यादी असेलच. त्याच आदेशात सरकारने तीन अटी स्वतःवर घालून घ्याव्यात: शाळेची वेळ संपल्यावर माहिती मागवली जाणार नाही, पहिली दोन वर्षे अशैक्षणिक काम दिले जाणार नाही, आणि मुख्यालयी राहायचे असेल तर तिथे राहण्याजोगे घर किंवा त्याचे भाडे मिळेल.